ग्रीक वैद्यांनी नेमकं दिलं काय? नर्सिंगच्या मुलींना सांगायचं आहे

ट्यूटरताई

नमस्कार मंडळी. मी सातारा जिल्ह्यातल्या एका नर्सिंग कॉलेजात शिकवते. वैद्यकाच्या इतिहासावर एक छोटासा धडा असतो, त्यात ग्रीकांच्या वाट्याला दीड पान येतं. हिपोक्रेटिस हा वैद्यकशास्त्राचा जनक, चार द्रवांचा सिद्धांत, शपथ, मग गॅलेन, की झालं. मुली पाठ करतात, पेपरात उतरवतात, पुढच्या सेमिस्टरला विसरतात.

परवा एका मुलीनं वर्गात उभं राहून विचारलं, "मॅडम, रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त बिघडलं की आजार होतो, हे सगळं चुकीचं ठरलंय ना? मग त्यांना एवढं मोठं कशाला करायचं? चुकीचं सांगणारे तर आमच्या गावातही आहेत." मला तिचा प्रश्न फार आवडला. पुढच्या तासाला सांगते म्हणाले आहे, आणि ते मला नीट सांगायचं आहे.

सनावळ्या नकोत, त्या पुस्तकात आहेत. वॉर्डात रुग्णाच्या खाटेपाशी उभं राहून "हे बघा, हे त्यांनी पहिल्यांदा पाहिलं" असं दाखवता येईल, असं काही आहे का? जाणकारांनी हात सैल सोडून लिहावं. आणि एक विनंती, "हे सगळं आपल्याकडे आधीच होतं" हा वाद इथे नको. त्यासाठी वेगळा धागा काढू.

जुना_फिजिशियन

ताई, त्या मुलीला माझी शाबासकी सांगा. तिच्या प्रश्नाला घाबरून 'जनक' या शब्दामागे लपू नका. हिपोक्रेटिस नावाचा वैद्य होऊन गेला, इ. स. पूर्व ४६० च्या सुमारास कॉस बेटावर जन्मला, त्याच्या हयातीतच प्लेटोसारख्यांच्या कानावर त्याचं नाव गेलं होतं, एवढं पुरे. त्याच्या नावावरचे साठेक ग्रंथ अनेक हातांनी लिहिलेले आहेत. म्हणून मी 'ते वैद्य' असंच म्हणतो.

त्या ग्रंथांत 'एपिडेमिक्स', म्हणजे साथी, नावाचे सात भाग आहेत. मला विचाराल तर ग्रीकांचं सगळ्यात मोठं देणं त्यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या भागात आहे. तिथे ४२ रुग्णांचे केस पेपर आहेत. मी मुद्दाम केस पेपर म्हणतोय, कारण ते तसेच आहेत. नाव, राहण्याचं ठिकाण, पहिला दिवस, दुसरा दिवस, रात्र कशी गेली, लघवी कशी झाली, झोप लागली का, बरळला का.

पहिलीच नोंद घ्या. थेसॉस बेटावरचा फिलिस्कस, तटबंदीजवळ राहणारा. पहिल्या दिवशी सणसणून ताप, घाम, रात्री अस्वस्थ. दुसऱ्या दिवशी सगळंच वाढलं, संध्याकाळी एनिमा दिला, पोट साफ झालं, रात्र बरी गेली. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ताप उतरल्यासारखा वाटला, पण संध्याकाळी पुन्हा चढला, जीभ कोरडी, तहान, लघवी काळी, रात्रभर झोप नाही, पूर्ण भ्रम. चौथ्या दिवशी आणखी बिघडला. पाचव्या दिवशी दुपारी नाकातून थोडं रक्त. त्या रात्री हातपाय गार पडले ते पुन्हा गरम झालेच नाहीत, पहाटे वाचा गेली, गार घाम, हातपाय काळेनिळे. सहाव्या दिवशी दुपारच्या सुमारास वारला. मग खाली तीन-चार ओळी: पानथरी सुजून गोल वर आली होती, त्रास सम दिवशी वाढत होता, आणि श्वास शेवटपर्यंत असा होता, जणू तो घ्यायचा असतो हे माणसाला मधूनमधून आठवतंय. मोठा आणि विरळ.

मी नोकरीची सुरुवातीची वर्षं गडचिरोलीत काढली. काळी लघवी, हाताला लागणारी पानथरी, एक दिवसाआड वाढणारा त्रास आणि शेवटी भ्रम, हे वाचलं की मला तिथले पावसाळे आठवतात. माझ्या मते फिलिस्कसला मलेरियाच होता, आणि तोही वाईट जातीचा. आज रक्ताची काचपट्टी बघून जे कळतं ते त्यांना कळणं शक्यच नव्हतं. पण त्यांनी इतकं स्वच्छ लिहून ठेवलं की तेवीस-चोवीस शतकांनी, जगाच्या दुसऱ्या टोकाचा एक डॉक्टर त्या माणसाच्या खाटेपाशी उभा राहू शकतो.

त्या श्वासाला आज आपण चेन-स्टोक्स म्हणतो. डब्लिनमध्ये काम करणाऱ्या दोन डॉक्टरांनी, चेननं १८१८ मध्ये आणि स्टोक्सनं १८५४ मध्ये, त्याचं वर्णन केलं म्हणून त्यांची नावं पडली. तुमच्या मुली आयसीयूत गेल्या की पहिल्या महिन्यात तो श्वास बघतील.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. या ४२ पैकी २५ जण दगावले. निम्म्याहून जास्त! आणि ते जसेच्या तसे लिहून ठेवलेत. गावात चुकीचं सांगणारा जो माणूस तिला ठाऊक आहे, तो बरे झालेलेच मोजून दाखवतो. हे वैद्य हातातून गेलेले रुग्ण लिहून पुढच्याच्या हाती देतात, दैवावर ढकलत नाहीत, रुग्णानं पथ्य मोडलं असंही म्हणत नाहीत. आणि गंमत बघा, या नोंदींत चार द्रवांचा सिद्धांत जवळजवळ डोकावतच नाही. डोळ्यांना दिसलं, हाताला लागलं, नाकाला कळलं, तेवढंच. सिद्धांत चुकला तरी नोंद खरी राहिली, आणि म्हणूनच ती आजही उपयोगी आहे.

त्याच पुस्तकात थेसॉसवर आलेल्या एका साथीचं वर्णन आहे. कानापाशी सूज, कुणाला एका बाजूला, बहुतेकांना दोन्ही बाजूंना, मऊ, पसरट, पू न होणारी. ताप फारसा नाही, माणसं हिंडतीफिरती. तरुण मुलांत जास्त, त्यातही तालमीत जाणाऱ्यांत, बायकांत क्वचित. आणि काही दिवसांनी काहींचं वृषण सुजून दुखायला लागलं, कुणाचं एक, कुणाची दोन्ही. गालगुंड! आज एमबीबीएसच्या मुलाला तोंडी परीक्षेत गालगुंडाची गुंतागुंत विचारली की तो हेच उत्तर देतो.

आणखी एक गोष्ट खास नर्सिंगसाठी. 'प्रोग्नॉस्टिक' या ग्रंथात सांगितलंय की रुग्णाकडे गेल्यावर आधी चेहरा बघा. नाक टोकदार झालंय का, डोळे खोल गेलेत का, कानशिलं बसलीत का, कान गार पडून आक्रसलेत का, कपाळाची कातडी ताणून कोरडी झालीय का. पण लगेच घाबरू नका, आधी विचारा: रात्री झोप झाली नव्हती का? जुलाब फार झाले का? उपाशी आहे का? तसं असेल तर एका दिवसरात्रीत चेहरा सुधारेल. तसं नसेल तर मरण जवळ आहे असं समजा. वॉर्डातली अनुभवी सिस्टर मला पहाटे फोन करून म्हणायची, "सर, बीपी ठीक आहे, पण सात नंबरचा चेहरा मला बरा वाटत नाही." मी अशा फोनवर कधी चालढकल केली नाही. तशा चेहऱ्याला आपल्या पुस्तकांत अजून 'हिपोक्रॅटिक चेहरा' म्हणतात.

उपचार मात्र बेताचे होते हे सांगून टाका. जवाची पेज, मधपाणी, मध घातलेला व्हिनेगर, क्वचित रक्त काढणं. पण 'एपिडेमिक्स'च्या पहिल्या भागात दोन गोष्टींची सवय लावून घ्या म्हटलंय: रुग्णाचं भलं करा, ते जमत नसेल तर निदान अपाय तरी करू नका. लोक हे वाक्य शपथेतलं समजतात. ते या साथीच्या नोंदवहीतलं आहे, आणि तिथेच ते जास्त शोभतं.

फेफऱ्यावर लिहायचं राहिलं. संध्याकाळी लिहितो.

हाडवैद्य_नाशिक

डॉक्टरकाका, सगळं पटलं, पण उपचार बेताचे म्हणालात तिथे आम्हा ऑर्थोवाल्यांच्या वतीनं हरकत घेतो. पोटातल्या औषधांचं सोडा, हाडांचं काम त्यांचं पक्कं होतं. 'सांध्यांविषयी' हा ग्रंथ घ्या. निखळलेला खांदा बसवायच्या अनेक रीती त्यात आहेत. रुग्णाला जमिनीवर उताणा झोपवायचं, आपण शेजारी बसायचं, आपली टाच त्याच्या काखेत रोवायची आणि हात दोन्ही हातांनी धरून खेचायचा. ही रीत आम्हाला शिकवली तेव्हा तिचं नावच हिपोक्रेटिसची पद्धत असं सांगितलं होतं. आता भूल आणि स्नायू सैल करणारी औषधं आहेत, हलक्या हाताच्या दुसऱ्या रीती आहेत, म्हणून ती मागे पडली. पण सांधा कसा निखळतो आणि कुठल्या दिशेनं ओढला तर परत जातो, हे त्यांना स्वच्छ कळलं होतं.

छातीत पू झाला तर काय करायचं तेही त्यांच्या दुसऱ्या एका ग्रंथात वाचा. रुग्णाला न हलणाऱ्या आसनावर बसवायचं, एकानं त्याचे हात धरायचे, वैद्यानं खांदे धरून हलवायचं आणि कुठल्या बाजूनं आत डुचमळल्याचा आवाज येतो ते ऐकायचं. मग त्या बाजूला बरगड्यांमध्ये खाली छेद देऊन पू बाहेर काढायचा, पण सगळा एकदम नाही. जखमेत तागाच्या कापडाची वात ठेवायची, रोज थोडा थोडा काढायचा, पुढे कथिलाची पोकळ नळी बसवायची. ताई, तुमच्या मुली ज्या आयसीडीची, म्हणजे छातीत घातलेल्या नळीची, बाटली दर शिफ्टला मोजतात तिचीच ही पणजी.

आणि काकांनी जो मुद्दा काढला, हातातून गेलेलं लिहून ठेवायचा, त्याला माझ्याकडून भक्कम पुरावा. 'सांध्यांविषयी' या ग्रंथातच पाठीच्या कुबडाविषयी लिहिताना तो वैद्य सांगतो: मी रुग्णाला उताणं झोपवून कुबडाखाली चामड्याची रिकामी पिशवी ठेवली आणि ताण देत देत तिच्यात हवा भरली. जमलं नाही. पिशवी पुरेशी फुगली की माणूस तिच्यावरून घसरायचा. आणि मग तो म्हणतो की हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे, कारण करून पाहिलेलं फसलं आणि का फसलं ते कळलं, तर त्यातूनही चांगलं शिकायला मिळतं.

त्याच काळात काही वैद्य कुबड असलेल्या माणसाला शिडीला बांधून उंचावरून आदळवायचे, बघायला गर्दी जमायची. या लेखकाला त्याची चीड आहे. लोकांनी आ वासून बघावं म्हणून हे करणारे बहुतेक बिनकामाचे असतात, असं तो रोखठोक लिहितो. मला हा माणूस फार जवळचा वाटतो.

जुना_फिजिशियन

हाडवैद्य, हरकत मान्य. कुबडाचा उतारा इथे आणलात हे फार छान केलंत.

आता फेफरं. इ. स. पूर्व ४०० च्या आसपासचा 'पवित्र रोगाविषयी' हा छोटा ग्रंथ आहे. तेव्हा फिट येणं हे देवाचं करणं समजत. पहिल्याच वाक्यात लेखक म्हणतो की हा रोग इतर रोगांपेक्षा जास्त दैवी किंवा पवित्र आहे असं मला वाटत नाही, त्यालाही इतरांसारखंच नैसर्गिक कारण आहे. मग तो मांत्रिकांची यादीच काढतो: अंघोळ बंद करतात, अमुक मासे खाऊ नको म्हणतात, काळे कपडे घालू नको, बकरीच्या कातड्यावर झोपू नको. रुग्ण वाचला तर श्रेय यांचं आणि मेला तर दोष देवांचा! त्याचं म्हणणं, रोग मेंदूत आहे आणि घराण्यात उतरतो. बकऱ्यांनाही हा रोग होतो, तेव्हा बकरीचं डोकं फोडून बघा, मेंदू ओला, पाण्यानं भरलेला आणि दुर्गंधी येणारा दिसेल; मग कळेल की शरीराला इजा करणारा देव नाही, रोग आहे. मेंदूतून कफ शिरांत उतरून हवा अडते म्हणून झटका येतो हे त्याचं पुढचं स्पष्टीकरण चुकीचं आहे. तेही मुलींना सांगा. पण फिट आलेल्या पोराच्या नाकाला कांदा आणि चप्पल लावणारे, किंवा त्याला देवऋष्याकडे नेणारे नातेवाईक त्यांना ड्युटीवर भेटणारच आहेत. त्यांच्याशी काय बोलायचं याची सुरुवात या ग्रंथात आहे.

ट्यूटरताई

काका, दादा, किती मनापासून लिहिलंत! गालगुंडाचं वाचून मी अक्षरशः खुर्चीतून उठले.

दोन शंका. नाडी मोजायची कुणी सुरू केली? हिपोक्रेटिसच्या लोकांत नाडीचा उल्लेख कमीच दिसतोय. आणि गॅलेनविषयी आमच्या पुस्तकात फक्त त्याच्या चुका आहेत. त्यानं बरोबर काय केलं?

जुना_फिजिशियन

ताई, नाडीसाठी इजिप्तमधल्या ॲलेक्झांड्रियाला जावं लागेल. कॉसच्याच प्रॅक्सागोरसनं नाडीकडे लक्ष वेधलं आणि त्याच्या शिष्यानं, चाल्सीडॉनच्या हेरोफिलसनं, इ. स. पूर्व तिसऱ्या शतकाच्या आरंभी ती मोजली. तो खिशात मावेल असं पाण्याचं घटिकायंत्र नेई आणि वयानुसार ते जुळवून घेई. नाडीचे ठोके ठरलेल्या आकड्याच्या जितके पुढे जातील तितका ताप जास्त. टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्टवरच्या टी आणि पी यांची सांगड तिथे पहिल्यांदा बसली. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला बारा बोटं लांब म्हणून जे नाव मिळालं, तेही त्याचंच. नसा मेंदूपासून निघतात, काही संवेदना नेतात आणि काही हालचाल घडवतात, हे त्यानं आणि त्याच्याच काळातल्या एरासिस्ट्रेटस या वैद्यानं माणसाची शवं चिरून दाखवलं. एरासिस्ट्रेटसनं हृदयाच्या झडपा एकाच दिशेनं उघडतात हे ओळखलं.

पण याला काळी बाजू आहे आणि ती मुलींपासून लपवू नये असं मला ठामपणे वाटतं. सेल्सस हा रोमन लेखक लिहितो की राजानं तुरुंगातले गुन्हेगार या दोघांच्या हवाली केले आणि त्यांनी ते जिवंतपणी चिरले. काही अभ्यासक ही गोष्ट नाकारतात, बरेचसे मानतात. संमती कशाला म्हणतात हे शिकवायला याहून कठोर उदाहरण नाही.

गॅलेन मात्र मला मनापासून आवडतो. इ. स. १२९ साली पर्गॅमममध्ये जन्म, तिथेच ग्लॅडिएटरांचा वैद्य म्हणून काम, मग १६२ साली रोम, पुढे सम्राट मार्कस ऑरेलियसचा वैद्य. बढाईखोर होता, भांडखोर होता, पण रुग्ण बघावा तर त्यानं.

पॉसेनियस नावाचा सीरियाचा एक विद्वान रोममध्ये होता. त्याची करंगळी, तिच्या शेजारचं बोट आणि मधल्या बोटाचा अर्धा भाग बधिर झाला. वैद्य बोटांना लेप लावत राहिले, काही उपयोग होईना. गॅलेननं विचारलं, हाताला काही लागलं होतं का? नाही. मग आणखी कुठे? तेव्हा कळलं की तो रथातून पडला होता आणि पाठीचा वरचा भाग, मानेच्या खाली, दगडावर आपटला होता. गॅलेननं बोटांवरचा तोच लेप काढून पाठीच्या कण्यावर लावायला सांगितला. माणूस बरा झाला. लेपानं झाला की काळानं झाला ते महत्त्वाचं नाही. करंगळी बधिर आहे म्हणून मानेपाशी बघणं, हे महत्त्वाचं. आज कुठलाही न्यूरॉलॉजिस्ट त्याच तीन बोटांवर टाचणी टोचून हेच करतो.

आणि त्याचं डुकराचं प्रात्यक्षिक! रोममध्ये, मान्यवरांसमोर, किंचाळणाऱ्या जिवंत डुकराच्या गळ्यातली केसासारखी बारीक नस त्यानं दोऱ्यानं बांधली. डुक्कर धडपडतंय, पण आवाज बंद. दोरा सोडला, आवाज परत. बरेच जण समजत होते की आवाज हृदयातून येतो. त्यानं तो मेंदूकडून येणाऱ्या नसेतून येतो हे दाखवून दिलं. थायरॉइडच्या ऑपरेशनमध्ये सर्जन जिला जपतात ती हीच नस, आणि ऑपरेशननंतर तुम्ही सिस्टर लोक रुग्णाला "नाव सांगा बघू" म्हणता ते याचसाठी. मूत्रपिंडाचंही तसंच. लघवी वाफेसारखी झिरपून मूत्राशयात जमते असं म्हणणारे होते. त्यानं जिवंत प्राण्याच्या मूत्रवाहिन्या बांधल्या. मूत्राशय रिकामा, वरच्या नळ्या फुगून टच्च. गाठ सोडली, लघवी खाली. बांधा आणि बघा, सोडा आणि बघा. प्रयोग म्हणतात तो हा.

चुका कशा झाल्या तेही सांगतो. माणसाचं शव चिरायला त्याच्या काळी मिळत नव्हतं, म्हणून त्यानं माकडं, डुकरं, बैल चिरले आणि तीच रचना माणसात धरली. बैलाच्या मेंदूखाली रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, ते त्यानं माणसालाही दिलं. हृदयाच्या मधल्या पडद्यातून रक्त झिरपतं म्हणाला. कैरोच्या इब्न अल-नफीसनं तेराव्या शतकात ते नाकारलं, व्हेसेलियसनं १५४३ मध्ये शरीररचनेतल्या कितीतरी चुका दाखवल्या, हार्वीनं १६२८ मध्ये रक्ताभिसरणाचं गणित मांडलं. बाकी चौदाशे वर्षं लोक गॅलेन वाचत राहिले. बांधून बघायचं, सोडून बघायचं, हे त्याचं खरं शिकवणं होतं, ते सोडून त्यांनी त्याचे निष्कर्ष पाठ केले. या नुकसानीचा दोष मी गॅलेनला देत नाही.

तबीब_मालेगाव

मी बीयूएमएस, म्हणजे युनानी वैद्यकाची पदवी, केलंय. आमच्याकडे ही नावं रोजची: बुकरात म्हणजे हिपोक्रेटिस, जालिनूस म्हणजे गॅलेन. दम, बलगम, सफरा, सौदा हे चार अखलात, म्हणजे तेच चार द्रव, आम्ही पहिल्या वर्षीच शिकतो. एकच भर घालतो. हे ग्रंथ आज वाचायला मिळतात यात बगदादच्या हुनैन इब्न इसहाकचा मोठा वाटा आहे. नवव्या शतकात त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी गॅलेन सिरियाक आणि अरबीत आणला. एका ग्रंथाची जमतील तेवढी ग्रीक हस्तलिखितं गोळा करायची, एकमेकांशी ताडून पाहायची, मगच भाषांतराला हात घालायचा, ही त्याची शिस्त. गॅलेनचे काही ग्रंथ मूळ ग्रीकमध्ये हरवले आणि अरबीतच उरले. ट्यूटरताई, तासाला त्याचं नाव नक्की घ्या.

फोंडेकर

काकांच्या शेवटच्या परिच्छेदाला आमच्या गोंयची जोड देतो.

डायोस्कोरिडिस हा पहिल्या शतकातला ग्रीक वैद्य, सिलिशियाचा. औषधी द्रव्यांवर त्यानं पाच भाग लिहिले, सहाशेच्या आसपास वनस्पती. हिंडून, स्वतः पाहून लिहिणारा माणूस. शस्त्रक्रियेआधी मँड्रेकच्या मुळाची दारू पाजून बधिर करावं, हेही त्यात आहे. पण हिंदुस्थानात तो आला नव्हता. इथलं त्यानं ऐकीव लिहिलं: मिरी आणि पिंपळी एकाच झाडाची, आधी लांब पिंपळी धरते, मग त्यातूनच मिरी होते.

दीड हजार वर्षं युरोपात हेच शिकवलं गेलं. १५३४ मध्ये गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात आला. सालामांका आणि अल्कालाला शिकलेला, ग्रीक-लॅटिन ग्रंथांत मुरलेला. इथे त्यानं बाग केली, वैद्यांना आणि हकिमांना विचारलं, मुंबई बेटही काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्यानं होतं. १५६३ मध्ये त्याचं पुस्तक गोव्यातच छापलं गेलं. ते संवादरूप आहे. रुआनो नावाचा पाहुणा सारखा विचारतो, "पण डायोस्कोरिडिस तर असं म्हणतो?" ऑर्ता त्याला सांगतो की मला डायोस्कोरिडिसची आणि गॅलेनची भीती घालू नका, मी खरं आणि मला माहीत असलेलं तेवढंच सांगणार. मिरवेल वेगळी, पिंपळीचा वेल वेगळा, हे आमच्या कुळागरातल्या पोरालाही ठाऊक. ऑर्तानं ते छापून युरोपला कळवलं.

मला यात ग्रीकांचा अपमान दिसत नाही. डायोस्कोरिडिसनं जे स्वतःच्या मुलखात केलं तेच ऑर्तानं इथे केलं. त्याच्या वाट्याला काय आलं तेही सांगायला हवं: तो १५६८ मध्ये वारला, आणि छुपा ज्यू ठरवून इन्क्विझिशननं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयानं, १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. पणजीत चर्चसमोरच्या बागेला आज त्याचं नाव आहे.

लेबररूम

मी प्रसूती विभागात स्टाफ नर्स आहे. सगळे पुरुष वैद्यांवर आणि पुरुष रुग्णांवरच बोलताय, म्हणून सोरेनसविषयी लिहिते. इफिससचा ग्रीक, ट्रेजन आणि हेड्रियन या सम्राटांच्या काळात रोममध्ये होता. त्याचा स्त्रीरोगांवरचा ग्रंथ सरळ सुईणीची पात्रता सांगण्यापासून सुरू होतो. तिला लिहिता-वाचता यावं, म्हणजे पुस्तकातूनही शिकता येईल. स्मरणशक्ती चांगली हवी, पोटात गोष्ट राहायला हवी, बोटं लांब, नाजूक आणि नखं आखूड हवीत, दारू पिणारी नको, अंधश्रद्ध तर नकोच, म्हणजे एखादं स्वप्न किंवा शकुन बघून ती उपचार थांबवणार नाही. ट्यूटरताई, हा परिच्छेद तुमच्या मुलींना वाचून दाखवाच!

बाळ आडवं असेल तर आत हात घालून पाय धरून कसं फिरवायचं आणि काढायचं, हे त्यात आहे. बाळ जन्मल्यावर काय बघायचं तेही आहे: जमिनीवर ठेवल्यावर जोरात रडलं का, नाक-कान-गुदद्वार मोकळं आहे का, सांधे नीट वाकतात-सरळ होतात का, हात लावला की दाद देतं का. मी रोज नवजात बाळाच्या तब्येतीचे गुण, म्हणजे अपगार स्कोअर, भरते. तो व्हर्जिनिया अपगार यांनी १९५०च्या दशकात आणला. रडणं आणि प्रतिसाद तिथेही आहेत. मात्र सोरेनसच्या तपासणीचा हेतू वेगळा होता, बाळ वाढवण्याजोगं आहे की नाही ते ठरवायचं. ते वाचताना पोटात गोळा येतो.

आणि आता त्याची चूक. त्याचं म्हणणं, आईचं सुरुवातीचं दूध जड आणि वाईट, तीन आठवड्यांपर्यंत ते देऊ नये, आधी बाळाला मध चाटवावा. आमच्या वॉर्डात आजही आजीबाई मधाची बाटली पदराखाली घेऊन येतात आणि चीक पिळून टाकायला सांगतात. मी त्यांच्याशी रोज भांडते, प्रेमानं पण भांडते.

पण त्याच परिच्छेदात सोरेनस डॅमस्टीस नावाच्या दुसऱ्या वैद्यावर टीका करतो. का, तर तो म्हणतो की बाळाला जन्मताच आईच्या छातीला लावा, निसर्गानं दूध त्यासाठीच आधीपासून तयार ठेवलंय. सोरेनसनं त्याला खोडून काढलं, पण त्याचं म्हणणं काय होतं ते प्रामाणिकपणे लिहिलं. म्हणून बरोबर असलेला माणूस आपल्याला कळला.

ट्यूटरताई

लेबररूम, चीक आणि मध! माझ्या मुलींपैकी निम्म्यांच्या घरी हे झालेलं असणार. तास त्यावरूनच सुरू करते. काका, फिलिस्कसची नोंद टीपीआर चार्टच्या शेजारी लावून दिली तर चालेल ना? आणि शपथेचं काय सांगू? मुली दीपप्रज्वलनाला नाइटिंगेल शपथ घेतात.

जुना_फिजिशियन

चालेल, पण एकदम सगळी देऊ नका. एका वेळी एकच दिवस द्या आणि विचारा, "आज रात्री तुमची ड्युटी आहे, काय काय बघाल, डॉक्टरला कधी फोन कराल?" तिसऱ्या दिवशी दुपारी ताप उतरतो तिथे बऱ्याच जणी निश्चिंत होतील. तिथे जरा थांबा.

नाइटिंगेल शपथ १८९३ साली अमेरिकेत डेट्रॉइटच्या नर्सिंग शाळेत लिस्ट्रा ग्रेटर आणि त्यांच्या समितीनं हिपोक्रेटिसच्या शपथेवर बेतून केली. अपायकारक औषध जाणूनबुजून देणार नाही आणि रुग्णाच्या घरातलं बाहेर बोलणार नाही, ही दोन्ही वचनं तिथून आली. मूळ शपथेत आणखी एक आहे: ज्या घरात जाईन तिथे रुग्णाच्या भल्यासाठीच जाईन, आणि तिथल्या बायका-पुरुषांशी, मग ते स्वतंत्र असोत की गुलाम, गैरवर्तन करणार नाही. गुलामांचा बाजार भरणाऱ्या समाजात हे लिहिलं गेलं. दोन्ही शपथा शेजारी शेजारी छापून मुलींना द्या, आणि प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीला मोठ्यानं वाचायला सांगा. तास झाला की ती काय म्हणाली ते इथे जरूर कळवा.